मिनी गोल्फचा ऑफ सीझन

इंदापूरहून बारामतीला येताना एक खाजगी बाग लागते. तिथल्या मालकाच्या वडिलांनी कधीकाळी थंड हवेच्या ठिकाणी पाहून मिनी गोल्फ बांधला. सिमेंटच्या अरुंद पट्ट्या, काठीनं चेंडू ढकलायचा, वाटेत लोखंडी अडथळे: रहाट, बैलगाडी, गुऱ्हाळाचा चरक. ते साखर कारखान्यातल्या एका फिटरनं, आबांनी, घडवले. पुढं निवृत्त झाल्यावर तेच बाग सांभाळू लागले.

आता मालकाला तिथं मंगल कार्यालय हवं होतं. बाग वाचवायला आम्ही बारामतीतले काही जण विरोधात उभे राहिलो. वैशाखात मी पाहायला गेले तर अडथळे गायब, नुसते बोल्ट उभे.

वॉचमन म्हणाला, "आबा टेम्पोत घालून नेत्यात."

मला एवढं पुरलं. भंगारात घातलं, दुसरं काय? मालकाचीच फूस असणार. पत्रक काढलं: ‘बाग लुटली! खेळाचं काहीही उरलेलं नाही!’ बारामतीच्या बाजारात स्वतः वाटलं.

तिसऱ्या दिवशी मालकानं चहाला बोलावलं. मालक चहा पाजतो तेव्हा मी सावध होते. माझं पत्रक त्यानं बांधकाम परवानगीच्या अर्जाला जोडलं होतं.

"तुम्हीच लिहिलंय, काही उरलं नाही. मग जपायचं काय, ताई?"

तशीच अंथुर्ण्याला आबांच्या घरी गेले. पडवीत रहाट, गाडी, चरक. खरवडलेले, लाल प्रायमर लावलेले.

"गाळप सपलं की कारखाना उकलत्यात का न्हाय?" आबा म्हणाले. "तसंच ह्ये. दर उन्हाळ्यात आणतो."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कुणाला?"

मी म्हटलं, मालकाच्या अर्जावर परवा सरकारी पाहणी आहे, उद्याच बसवू.

"रंग वला हाय अजून."

तरी बसवलं. आबांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. पाहणीच्या साहेबानं पत्रक वाचलं, रहाट फिरवला, बोटं लाल झाली. "अर्ज परत पाठवतो," म्हणाला. मी लेखी मागितलं. "देतो की."

अजून दिलेलं नाही. त्याच्यावर माझा काडीचा भरवसा नाही.

आबा आता काहीच घरी नेत नाहीत. भर उन्हात जागेवरच खरवडत बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे. मी छत्री धरायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लोकांस्नी दिसू दे मी काय करतोय त्ये."