उजवा हात तसाच ठेवला

मला जगवलं ते दहिवलीच्या गोदूताई वैद्यांनी. बाकीचं मागाहून सांगते, हे नाव आधी. तीन आठवड्यांपूर्वी त्या तापानं गेल्या... कित्येकांचा ताप उतरवणाऱ्या. तिसरीत शाळा सुटलेली मी, माहेर दूर जळगावकडे. लिहिताना धास्ती वाटते, चुकलं तर सांभाळून घ्या.

तिकडं विलायतेत लढाई पेटल्यामुळे दवाखान्यात औषधं मिळेनाशी झाली तेव्हा ताईंनी निर्गुडीच्या पाल्याचा अर्क काढायला घेतला. ठणक, सूज, ताप, तिन्हींवर. त्यांचे वडील सांगत होते म्हणून नुसतं त्या मानायच्या नाहीत. स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांवर वरवंटा मारून घ्यायच्या, एकाला अर्काची पट्टी, दुसऱ्याला नुसत्या पाण्याची, आणि दोरा गुंडाळून सूज मोजायच्या. "लोक वेडी म्हणतात गं मला," म्हणून वर हसायच्या.

माझा नवरा भातगिरणीत होता. एकदा भाकरी करपली म्हणून त्यानं गिरणीच्या पट्ट्यानं माझे दोन्ही हात झोडून सुजवले. ताईंनी दोन्हींना अर्क लावला. दोन दिवसांनी मी चावडीवर गाऱ्हाणं घेऊन गेले तर हातांवर सूज नावाला नाही. नवरा म्हणाला, "आवो पाटील, कुठं हाय सूज? नाटकी हाय ती!" सगळे हसले. घरी नेऊन त्यानं माझं डोकं भिंतीवर आपटलं, मग मुसळ उचललं. एक घाव डाव्या दंडावर, एक उजव्या, पुन्हा डाव्या... "जा आता चावडीवर!"

सकाळी मी ताईंच्या ओटीवर कोसळले. त्या रडल्या. "माझ्याच औषधानं तुला खोटं पाडलं गं." मग डोळे पुसून त्यांनी डाव्या हाताला अर्क लावला. उजव्याला नुसतं पाणी.

"ताई, जीव चाललाय हो!"

"कळतंय गं. दोन दिवस सोस. हा पाटलांना दाखवायचाय."

दोन दिवस मी पदर चावत ओरडले. तिसऱ्या दिवशी चावडीवर ताईंनी माझे दोन्ही हात पुढे धरले. उजवा काळानिळा, टम्म फुगलेला. डाव्याची सूज पार बसलेली. "एकच मुसळ, सारखाच मार. याला औषध लावलं, याला नाही. मागं हात साफ दिसले तो माझा अर्क होता, पाटील. ही खोटं बोलली नव्हती."

नवरा पुटपुटला, "बायको हाय माजी..."

"गप रं!" पाटील ओरडले. "ही आता ताईंकडंच राहील."

राहिले. आता अर्क मी काढते. मार खाऊन कुणी आली की पट्टी भिजवण्याआधी विचारते, "कुणाला दाखवायचंय का गं?" अजून एकीनंही हो म्हटलेलं नाही. चावडीवर माझ्या तोंडून शब्द फुटेल की नाही, याची भीतीच वाटते... पण जी हो म्हणेल तिच्याबरोबर मी जाईन. ताई, तुमचं ऋण असंच फेडीन, कधीतरी.