दोन महिन्यांपूर्वी

चाकणच्या आमच्या रबराच्या कंपनीत मालकांचे जावई रुजू झाले, तेव्हा त्यांना सगळ्यात आधी खुपली ती तारीख. मशीनमधून तेल गळतंय, संडासाला कडी नाही, ते राहिलं बाजूला. कॉम्प्युटरवर स्टोअरच्या यादीत माल आल्याची तारीख दिसते, ती म्हणे जुनाट वाटते! हिंजवडीत नोकरी करून आलेला माणूस. सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी दोन टिचक्या मारल्या आणि तारखेच्या जागी दिसायला लागलं, 'तीन दिवसांपूर्वी', 'दोन महिन्यांपूर्वी'. मोबाइलवर फोटोखाली येतं ना, तसं. "बघा, किती फ्रेंडली!" म्हणाले. रबराशी मैत्री करायची होती की काय, देव जाणे.

स्टोअर सांभाळायचे ते काका लातूरकडचे, चिखलीत राहणारे, अठरा वर्षं कंत्राटावर. आमचं कच्चं रबर पंच्याहत्तर दिवसच चालतं. त्यापुढच्या रबराचे भाग तडकतात. म्हणून काका प्रत्येक गठ्ठ्यावर खडूने तारीख लिहायचे. जावईबापूंनी तीही पुसायला लावली. ऑडिटला घाण दिसते म्हणे.

मी क्वालिटी विभागात होतो, म्हणून काका माझ्याकडे आले. "साहेब, दोन महिने म्हंजे किती हो? साठ का ऐंशी? मला नुसती तारीख दिसू द्या की."

अख्ख्या कंपनीत एवढा अक्कलवान प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला नव्हता. मी काय म्हणालो? "होईल सवय, काका." मोठा शहाणा मी!

पुढे ऑडिट जवळ आलं. नव्या स्क्रीनचं प्रशिक्षण दिल्याचा कागद हवा होता. प्रशिक्षण कसलं, डोंबलाचं! आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे सही. नावांपुढच्या रकान्यात 'समजले' असं मीच सगळ्यांसाठी आधी लिहून टाकलं आणि चहाच्या सुट्टीत कागद घेऊन फिरलो. काकांच्या एका हातात कप होता.

"कशाची सही, साहेब?"

"नेहमीचीच."

त्यांनी केली.

महिन्याभरात गिऱ्हाइकाकडून तडकलेले भाग परत आले. वापरलं तेव्हा रबर ब्याऐंशी दिवसांचं होतं, असं निघालं. स्क्रीनवर मात्र तेव्हा ते 'दोन महिन्यांपूर्वी'चंच होतं. जावईबापूंनी काकांना केबिनमध्ये बोलावलं, मलाही. टेबलावर माझा तो कागद पसरलेला. "ट्रेनिंग दिलंय, सही आहे. या लोकांना सिस्टिम कळतच नाही."

काका माझ्याकडे वळले. "साहेब, मी तुम्हाला इचारलं होतं. सांगा की."

 नोकरी, फ्लॅटचा हप्ता, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "सही तुमचीच आहे ना, काका?"

 दुसऱ्या दिवसापासून कंत्राटदाराने त्यांचं काम बंद केलं.

त्याच आठवड्यात जावईबापूंनी तारीख परत आणली. पुन्हा दोनच टिचक्या. वर आम्हालाच सुनावलं, की स्टोअरमध्ये तारीख स्पष्ट दिसायला नको का? बदल झाला म्हणजे प्रशिक्षण आलंच. मी जुन्याच यादीची नवी प्रत काढली, सवयीने रकाना वरपासून खालपर्यंत भरला आणि सह्यांना निघालो. स्टोअरच्या दारात गेल्यावर पाहिलं, तर काकांचं नाव अजून यादीत होतं, आणि त्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, समजले.