बाबाचा लाल मफलर
ओल्या लोकरीचा वास आला की न्यूझीलंडमधली, अप्पर हटहून वेलिंग्टनला जाणारी ती ट्रेन आठवते. इंग्लंडहून आलेल्या संघाची फुटबॉल मॅच होती. पुण्यात हॉस्टेलला असल्यापासून बाबा त्यांचा भक्त. गळ्यात त्यांचा लाल मफलर, पावसात भिजलेला. समोरचा गोरा म्हणाला, "तुमचा खेळ क्रिकेट, मेट. मफलर आमचा आहे, काढ." अख्खा डबा हसला. असल्या प्रकाराला लोक थट्टा म्हणतात! बाबाही हसला, "नो वरीज" म्हणत त्याने मफलर पिशवीत ठेवला. "बाबा, घाल ना परत!" "जाऊ दे गं, मॅच बघायला आलोय आपण." त्याच्या संघाने गोल केला तेव्हा सगळं स्टेडियम उठलं; बाबा मांडीवर हात ठेवून बसून राहिला. आज त्याच ट्रेनमध्ये मी वर्णद्वेषाविरुद्ध पत्रकं वाटते. बाबा विचारतो, "कशाला भांडतेस लोकांशी?" त्या गोलला तू उठला नाहीस म्हणून, बाबा.