ओसरीवरचा अकरा नंबर

त्या शनिवारी सकाळी मी मक्याच्या कण्या वाढल्या आणि आमच्याकडे राहणाऱ्या थॅडियसनं नेहमीसारखी त्यांत साखर घातली.

"नाश्ता आहे की खीर?" सासूबाई म्हणाल्या. "न्यू जर्सीत आईनं हेच शिकवलं का रे?"

"मदर युलाली, सुनेच्या हातचं मीठ लपवतोय हो!"

तेवढ्यात थाप पडली. पुढच्या दारावर. आमच्या काळ्यांच्या गल्लीतली माणसं मागच्या दारानं येतात. पुढच्या दाराशी येतो तो गोराच. मी हात पुसत उठले.

थॅडियस आमच्या गावच्या बेसबॉल संघात वसंतात आला. सगळ्या लीगमध्ये पहिला काळा खेळाडू. संघाच्या हॉटेलात त्याला खोली मिळेना, संघाचा धोबी त्याचा खेळायचा अकरा नंबरचा सदरा धुवेना. म्हणून माणूस आणि सदरा दोन्ही आमच्याकडे. समोरच्या संघांचे गोलंदाज मुद्दाम त्याच्या अंगावर चेंडू मारायचे. मैदानात हा ती जागा कधी चोळायचा नाही. घरी आला की हळूच बर्फ मागायचा.

सदरा मी परसात वाळत घालायचे. सासूबाईंना ते खटकायचं. "एवढा मानाचा कपडा, आणि मागच्या दारी?" आज पहाटे त्यांनी तो नेऊन पुढच्या ओसरीवर टांगला होता.

दारात शेरीफचा माणूस. टोपी डोक्यावरच.

"कोरिन, नवरा कुठाय?"

"रेल्वेच्या कामावर गेलेत, साहेब."

त्यानं सदऱ्याची बाही चिमटीत धरली. "छान धुतलायस. चौकातून दिसतो अकरा नंबर. आता कुणाला घर शोधायला नको." तो हसला. "आज मॅचला गर्दी आहे. कुणाचं डोकं फिरलं तर आम्ही कुठं कुठं पुरणार? तुमच्याकडचा तो पोरगा आजारी आहे असं संघाला कळव. लाकडाची घरं तुमची, त्यात हा उन्हाळा."

तो गेल्यावर मी सदरा आत आणून चुलीजवळच्या खुर्चीवर टाकला. सासूबाई दाराकडे बघत बसून राहिल्या.

"मी सामान बांधतो," थॅडियस म्हणाला. "माझ्यापायी तुमचं घर नको जळायला."

"गप बस. बांधायला आहे काय तुझ्याकडे?" सासूबाई म्हणाल्या. "हे घर माझ्या नवऱ्यानं बांधलंय. इथं कोण राहील ते मी सांगणार, तो टोपीवाला नाही." आवाज चढा होता, पण त्यांनी उठून पुढच्या दाराला कडी घातली.

रस्त्यावरून एक गाडी हळू गेली. वळली. परत आली.

ती जाईपर्यंत थॅडियस उभा राहिला. मग त्यानं सदरा चाचपला.

"मिस कोरिन, ओला आहे अजून. परत ओसरीवर घालता का? संध्याकाळी मला घालायचाय."