माझ्या नावाचे शेअर

सूड हा शब्द सुशिक्षित बाईने वापरू नये असा संकेत आहे. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि पदार्थाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखण्याची मला सवय आहे. म्हणून तोच वापरते.

सत्तरचे दशक संपता संपता लग्न होऊन मी नाशिकला आले. नवरा एका कारखान्यात खरेदी अधिकारी होता, पण त्याचा जीव शेअरबाजारात. नव्या कंपन्या शेअर विक्रीला काढत, आणि एका माणसाला एकच अर्ज करता येई. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्यापुढे छापील अर्ज ठेवला. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली. मी वाचू लागले, तर म्हणाला, "वाचायचं काय त्यात? फुलीवर सही कर." मी केली, आणि पुढे सात वर्षे करत राहिले. लाभांश जमा व्हावा म्हणून त्याने बँकेत माझे खातेही उघडले.

एकदा मित्र बसले असताना आतून मला ऐकू आले : "लग्न करा, लेको. एका मुहूर्तात अर्ज दुप्पट."

"आणि वहिनी किती टक्के मागतात?"

"तिला कोण सांगायला बसलंय?"

पुण्यात पीएच.डी.साठी माझी निवड झाली तेव्हा तो म्हणाला, "घाई कसली? कंपनी घ्यावी ती दहा वर्षांसाठी. संसारही तसाच." जागा गेली. मग मी प्रयोगशाळेचा आराखडा केला. निफाडकडे द्राक्षबागा वाढत होत्या. पाणी आणि माती तपासायला लोक लांब पाठवत, आणि उत्तर येईपर्यंत हंगाम उलटे. उपकरणे, जागा, दिवसाला होणारे नमुने, सारे मी लिहून काढले होते. त्याने दोन पाने चाळली.

"ज्यानं आधी काही करून दाखवलंय, त्याच्यातच मी पैसा घालतो. तू काय करून दाखवलंस?"

मी भांडले नाही. आराखडा ट्रंकेत ठेवला आणि वाट पाहू लागले. दीर्घ मुदतीचा विचार मलाही जमतो.

पुढे भाव चढले. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत मित्राच्या नव्या फाउंड्रीत भागीदार व्हायचे त्याने ठरवले, आणि त्यासाठी माझ्या नावाचे शेअर विकायला काढले. सकाळी कामावर निघताना त्याने प्रमाणपत्रे आणि हस्तांतराचे फॉर्म टेबलावर ठेवले. फुल्या मारलेल्या होत्याच. "सह्या करून ठेव. संध्याकाळी दलालाकडे द्यायचेत." सात वर्षांत मी एकदाही नकार दिला नव्हता, त्यामुळे कुलपातले कागद माझ्यापाशी सोडून जाताना त्याला काहीच वाटले नाही.

त्या दिवशी मी फॉर्म शेवटपर्यंत वाचला. विकणारी मी होते. नवऱ्याच्या सहीला त्यात जागाच नव्हती. मी सह्या केल्या, कागद पिशवीत घातले आणि रिक्षाने दलालाकडे गेले.

त्याने चष्मा कपाळावर ढकलला. "वहिनी, साहेबांना ठाऊक आहे ना?"

"संध्याकाळी होईल. सही जुळते का, तेवढं पाहा."

सही जुळत होती.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितले, कागद दलालाकडे देऊन आले. "आणि चेक?"

"माझ्या खात्यात जाईल. तुम्हीच उघडलंत ना ते?"

"अगं, पैसे माझे होते."

पैसे त्याचे होते, हे मी आजही नाकारत नाही. वर्षे माझी होती.

बहीण म्हणाली, "आता वेगळी हो, बाई." मी झाले नाही. वेगळे होणे म्हणजे त्याला मोकळे करणे. आणि त्याने हे सारे रोज पाहावे अशी माझी इच्छा होती. फाउंड्री त्याच्यावाचून सुरू झाली. निफाडला दोन खोल्यांत माझी प्रयोगशाळाही सुरू झाली.

एका रविवारी माझी बस चुकली म्हणून त्याने मला स्कूटरवर आणून सोडले. तो दारात उभा असतानाच एक बागायतदार आला आणि पाण्याची बाटली त्याने थेट नवऱ्याच्या हातात दिली.

"साहेब, हिरीचं पाणी हाय. बागंला चालंल का नाय, तेवढं सांगा."

नवऱ्याने बाटली उजेडात धरून पाहिली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही. बाईंना विचारा."

मला ऐकू आले होते. मी ब्युरेटमधून थेंब पडू दिला, आकडा लिहिला आणि पुढचा नमुना हाती घेतला. बाटली धरून तो तसाच उभा राहिला. आणखी तीन नमुने होईपर्यंत मी मान वर केली नाही.