जेवू घातलेली जागा

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही आमच्या वर्तकनगरच्या गॅलरीत खुंटीला लटकणारी दोन नारिंगी जाकिटं पाहिलीत आणि ती कुणाची म्हणून विचारलंत. आजोबांनी उत्तर देण्याऐवजी तुम्हांला सुट्टीत एकेकाला होडीतून मासे धरायला न्यायचं कबूल करून टाकलं. फोनवर मला असं काही नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. आईकडून वाचून घ्या. तुमच्या वयाची असताना तीच आजोबांच्या गळाला गांडूळ लावून द्यायची.

आजोबांचे एक मित्र विठ्ठलवाडीला राहतात. दोघांनी एकाच कारखान्यात नोकरी केली आणि निवृत्तही साधारण बरोबरच झाले. आजोबा उंच आणि काटकुळे, मित्र बुटके आणि चांगले वजनदार. ते मला वहिनी म्हणतात, मी त्यांच्या बायकोला वहिनी म्हणते. कल्याणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक मोठा तलाव आहे. तिथल्या गावात मित्रांचा चुलतभाऊ असतो आणि त्याची एक छोटी होडी आहे. दोन माणसं आणि एक पिशवी, एवढीच तिची ऐपत.

या दोघांची मासे धरायची एक रीत आहे. ते आधी जागा ठरवतात आणि रोज तिथे शेंगदाण्याच्या पेंडीचे नि भाताचे गोळे टाकतात. माशांना तिथे येऊन खायची सवय लागली, की मग गळ. याला ते जागेला जेवू घालणं म्हणतात. एका मे महिन्यात मित्र चुलतभावाकडे मुक्कामाला राहून जागेला जेवू घालत होते. आपल्या जावयाचंही कुणी इतकं केलं नसेल, असं त्यांच्या बायकोचं मत होतं.

शेवटी आम्ही चौघं गेलो. ते दोघं होडीत, आम्ही दोघी काठावर आंब्याखाली सतरंजी टाकून. बरोबर थालीपिठं होती, काकड्या होत्या. मी निघताना होडीतल्या डब्यात एक सुरी ठेवली होती, कारण आजोबांना काकडी दाताने तोडलेली आवडत नाही.

होडी एका जागी राहावी म्हणून तिच्या पुढच्या टोकाला दोर बांधून दगड पाण्यात सोडतात. दोर पुढून असला की वारा कुठूनही येवो, होडी त्याच्याकडे तोंड करून फिरते आणि लाटेवर चढते. पण अशी फिरली की ती जागेवरून सरकते. इतके दिवस जेवू घातलेली जागा सोडायची म्हणजे काय! मित्रांनी मागच्या टोकालाही एक दगड सोडला. आता होडी दोन्हीकडून बांधलेली, आणि मित्र स्वतः मागे बसलेले, म्हणजे मागची बाजू आधीच खाली गेलेली.

दुपारी डोंगराकडून वारा सुटला. आमची सतरंजी उलटली, पत्रावळी उडाल्या. त्या गोळा करून मी वर पाहिलं तर तलाव काळसर झाला होता आणि लाटा बरोबर होडीच्या मागच्या बाजूवर आदळत होत्या. बिचारी होडी फिरायला बघत होती, पण मागचा दोर तिला फिरू देत नव्हता. प्रत्येक लाटेचं थोडं पाणी आत जात होतं. मित्र तो दगड ओढायला उभे राहिले आणि होडी एका अंगावर कलली. वहिनी काठावरून त्यांना खाली बसा म्हणून ओरडत होत्या. वारा आमच्याकडे येत होता, आमचा आवाज तिकडे जाणार कसा? मित्रांना पोहता येत नाही, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. वहिनींनी माझं मनगट धरलं होतं.

होडीत काय झालं ते नंतर दोघांनी आपापल्या परीने सांगितलं. त्यातलं जुळणारं एवढंच. मागचा दगड तळाशी बुडलेल्या झाडाच्या खुंटात अडकला होता. आजोबांनी मित्रांना शर्टाला धरून खाली बसवलं आणि डब्यातली सुरी काढली.

"अरे, दोर तोडलास तर होडी फिरेल. जागा गेली!" मित्र म्हणाले.

"जाऊ दे. तुला काठावर नेलं नाही, तर वहिनींना मी काय तोंड दाखवू?"

सुरी काकडीची, दोर नायलॉनचा. आम्हांला लांबून आजोबांची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. मग होडीने एकदम गिरकी घेतली. ती उलटली असंच मला वाटलं, पण तिने वाऱ्याकडे तोंड केलं आणि पुढच्या दगडावर थांबून लाटेवर वरखाली होऊ लागली. दोघं जेवणाच्या डब्यांनी पाणी उपसत बसले. वारा पडल्यावर वल्ही मारत काठाला आले.

वहिनींनी नवऱ्याला पदराने पुसलं. मग विचारलं, "जेवले का मासे पोटभर?" आजोबा हसले, मित्र हसले. मी मात्र रडले. का ते विचारू नका.

दुसऱ्याच दिवशी मी ठाण्याच्या बाजारात जाऊन ती पाण्यात तरंगवणारी जाकिटं आणली, एक आजोबांना, एक मित्रांना. ती घातल्याशिवाय दोघं होडीत बसत नाहीत. दोर फक्त पुढून बांधतात, आणि होडीत कुणी उभं राहत नाही. तरी माझ्या मनात एक शंका होती. जाकीट अंगावर आहे म्हणून हे दोघं जागेला चिकटून बसले तर?

गेल्या आठवड्यात आजोबा भर दुपारी घरी आले. पिशवी रिकामी, कपडे कोरडे. मी दार उघडलं तर म्हणाले, "अगं, वारा सुटला. गळाला ओढ लागत होती, तरी उठलो."

मी त्यांना चहा करून दिला आणि संध्याकाळी पुन्हा बाजारात गेले. आता खुंटीवर आणखी दोन जाकिटं आहेत, लहान मापाची. तुमच्या आईला तुमच्या छातीचं माप कळवायला सांगा. मोठी झाली तर बदलून घेईन.