पाहायला आले नि आकडे लावत बसले

घुग्घुसला कोळशाची धूळ एवढी, की आमच्याकडची पांढरी मांजर दोनदा धुतल्याशिवाय ओळखू येत नसे. त्या धुळीतून नागभीडची मंडळी मला पाहायला आली. एका जीपमध्ये सतरा माणसं. अठरावा टपावर होता, असं बाबा आजही शपथेवर सांगतात.

माझी पीएच.डी. अर्धवट होती. ती पुरी होऊ देणारा असेल तरच होकार, हे मी घरात सांगून ठेवलं होतं. आणि पाहुण्यांसमोर हे बोलायचं नाही, असं आईने मला सांगून ठेवलं होतं.

मुलाच्या मामांनी विचारलं, पोरगी शिकते तरी काय. मी म्हटलं, उदाहरणं पाहून यंत्राला काय शिकता येतं आणि काय जन्मात येत नाही, ते. जे शिकता येत नाही, त्याचं गुप्त निरोपांना लावायचं कुलूप बनवतात. मामा पोह्यांत कुलूप शोधू लागले.

म्हणून मी खेळच मांडला. मी मनात एक नियम धरते, तुम्ही कोणताही आकडा सांगा, तो नियमात बसतो की नाही ते मी सांगते. त्यावरून नियम ओळखा. फक्त अधूनमधून मी मुद्दाम चुकीचं उत्तर देणार. आमच्या धंद्यात सगळी मेख तिथेच असते.

"खोटं बोलीन म्हणून सांगून तरी राह्यली," मुलाची आई म्हणाली. "आमच्या घरी तं कोणी सांगत बी नाई."

मग बैठक अशी पेटली! मामा जीपचा नंबर विचारत, मुलाची आत्या स्वतःचं वय, तेही दर वेळी वेगळं. खाणीतली पाळी सुटलेले शेजारी मोटारसायकली लावून दारात जमले. नियम हाती आला असं वाटायचं, नि पुढचंच उत्तर तो मोडून टाकायचं. पोह्यांना स्वेटर घालायची वेळ आली.

शेवटी मामांनी फर्मावलं, बस झालं, आता नियम सांग.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "सांगू नका. मले शोधू द्या."

"लय वेळ लागन," मी म्हटलं. "माझंच काम पुरं व्हायले तीन वर्षं हायेत."

माझ्या आईने डोळे मिटून घेतले.

"मंग घाई कोणाले हाये? तुम्ही तुमचं करा, मी माझं करतो."

मामा कुरकुरले, पण पोरगा हलला नाही. दर रविवारी नागभीडच्या एसटीडी बूथवरून माझ्या बंगळूरच्या वसतिगृहात फोन यायचा. तब्येत नाही, जेवण नाही, थेट आकडा. बूथवाल्याची खात्रीच झाली, की हा मटका लावतो.

पदवी मिळाली त्या रविवारी त्याने आकडा विचारला नाही, लग्नाची तारीख विचारली. मी असं ओरडून हो म्हटलं, की नागभीडला ते फोनशिवायही ऐकू गेलं असेल.